रब्बींचा हाशिया शोधायला शहागंजला

लोक संभाजीनगरला लेणी बघायला जातात, मी गेले पुस्तकाची बांधणी करून घ्यायला. ठाण्यात आमच्या घरी यहुदी धर्मशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आहे, लग्नाच्या नियमांचं. पणजोबांच्या काळी बगदादहून आलेले एक रब्बी, म्हणजे धर्मपंडित, रेवदंड्याला आमच्याकडे उतरले होते. जाताना ते हे पुस्तक देऊन गेले. समासात पानोपानी त्यांच्या हातची टिपणं आहेत. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, छापील हिब्रू प्रार्थना घडाघडा वाचतो, पण त्या धावत्या अक्षरात मला तरी नुसत्या मुंग्या दिसतात.

आता माझ्या रिबकाआत्याबद्दल सांगायला हवं. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. तरुणपणी ती लग्न ठरवून इस्रायलला गेली होती. तिथल्या लग्ननोंदणीच्या कचेरीत तिला विचारलं, तुम्ही खऱ्या यहुदी कशावरून? चौकशी लांबली, मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमवलं आणि आत्या परत आली. पुन्हा लग्न केलंच नाही. आजोबा म्हणायचे, "रब्बींनी त्या पुस्तकात लिहून ठेवलंय, आपल्याशी सोयरीक चालते." दाखवा म्हटलं तेव्हा त्यांची नजर गेली होती. दोन वर्षांपूर्वी मी प्रत्येक पानाचा फोटो काढून तिकडच्या माझ्या मावसभावाला, रूबेनला पाठवला. तो धर्मग्रंथ शिकवतो. पुष्कळ टिपणं बांधणीत कापली गेली होती. उरलेल्यांत आमच्याबद्दल अक्षरही नव्हतं. आत्याने आपला जुनाच निकाल पुन्हा सांगितला, "बाबांनी माझी समजूत काढायला थाप मारली."

या वर्षी पुस्तकाचा कणा सुटला. इथला बाइंडर म्हणाला, मशीनवर तिन्ही बाजूंनी अर्धं बोट छाटतो, नवं दिसेल. मी पुस्तक उचलून घरी आणलं. पुठ्ठ्याच्या आत एक उर्दू चिठ्ठी होती. शेजारणीने वाचून दाखवली: जिल्दसाज (म्हणजे बाइंडर), शहागंज, औरंगाबाद. पोलीस ॲक्शननंतर आजोबांची रेल्वेत तिकडे बदली झाली होती, हे जुळलं. दुकान उरलंय की नाही कोण जाणे, पण मी तिकीट काढलं.

शनिवार हा आमचा विसाव्याचा वार, तो पाळून रविवारी निघाले. मनमाडनंतर गाडी रिकामी होत गेली, लासूरला तर डब्यात आम्ही चौघंच होतो आणि बाहेर कापसाच्या गाठी. गारखेड्यात स्वच्छ लॉज मिळालं, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. नान-कलिया जरूर खा असं सगळ्यांनी बजावलं होतं. आमच्या नियमात ते मटण बसत नाही, म्हणून मी इमरतीवर ताव मारला. त्याबाबत धर्मशास्त्र मौन आहे.

सोमवारी रिक्षावाला शहागंजचे दीडशे म्हणाला, शंभरात आला. तीन जणांना विचारत गेले आणि दुकान सापडलं. दुकानाचे मालक हमीदचाचा सत्तरीचे, बोटांना खळ लागलेली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि न विचारता उजवीकडून उघडलं, हिब्रूला हवं तसं. ठाण्याच्या बाइंडरने उलटं धरलं होतं. मला तिथेच बरं वाटलं.

"ही शिवण अब्बाची हाय," ते म्हणाले. मग कापलेली टिपणं दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हाशियाच, समासच उडवला की हो. अब्बाकडून अशी चूक..." ते पान पान चाचपत गेले. एका पानाच्या कडेला पातळ कागदाची पट्टी होती. फाटल्यावर लावली असेल असं आम्हाला वाटायचं. चाचांनी ते पान उजेडापुढे धरलं.

"बाई, हे फाटलेलं नाय. पान आत मुडपलंय. कापायच्या आधी कामाचं लिव्हलेलं असं मुडपून घेतात, म्हंजी पातं लागत नाय. वरून पट्टी लावली की घडी झिजत नाय."

"मग एकच पान का?"

"गिऱ्हाईकानं बोट ठिवून सांगितल्याबिगर कोन करतंय?"

म्हणजे आजोबांनीच ते पान दाखवलं असणार. पण पट्टी ओलावून काढावी लागणार होती, आणि शाई कच्ची असली तर अक्षरंही जाणार. "लई जपून करीन, पन जबान देत नाय," चाचा म्हणाले. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "उघडायला सांग. थाप असेल तर तेही कळू दे."

चाचांनी ओलसर कागदात पान दाबून ठेवलं आणि मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुपारी बसने वेरूळला गेले. कैलास लेण्याबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, माझं सगळं चित्त त्या घडीत होतं. पाण्याची बाटली मात्र बरोबर ठेवा.

मंगळवारी घडी उघडलेली होती. एक कोपरा फाटला होता, बाकी चार ओळी शाबूत. चाचा रात्रभर झोपले नव्हते म्हणे. मी रूबेनला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, "घरी पोच. आत्यासमोरच वाचतो." पुस्तक न छाटता शिवायला चाचांकडेच ठेवलं. त्याला महिना लागेल. निघताना म्हणाले, "काय लिव्हलंय ते मलाबी कळवा बरं का."

रात्री ठाण्यात आत्यासमोर फोन ठेवला. रूबेन सावकाश वाचत मराठीत सांगू लागला, "या लोकांच्या घरी मी सहा महिने जेवलो. त्यांच्या आणि माझ्या नियमांत मला फरक सापडला नाही. त्यांच्याशी सोयरीक करावी. मला मुलगा असता तर मी याच घरची सून केली असती."

चाचांनाही मी नंतर कळवलं. या प्रवासातून मी काय आणलं म्हणाल, तर आजोबांना त्यांचा शब्द परत मिळाला. आत्याला काय मिळालं ते मला नीट सांगता येत नाही. ती पदर सारखा करत म्हणाली,

"साठ वर्षं मी बाबांना खोटं म्हणत आले गं."

मी तिचा हात धरला. तिने फोनकडे वाकून रूबेनला विचारलं, "त्या रब्बींना एकही मुलगा नव्हता होय?"