ओल्या फडक्याखालची माती

मोबाइल असा कानाजवळ घ्या जरा, तुम्हा सगळ्यांना बोलून निरोप धाडतेय. लांबून बोलायला माझा घसा काही शाळेची घंटा नाही. पुण्या-बंगलोरला गेलात म्हणून कान धरणारं कोणी उरलं नाही, असं समजू नका रे पोरांनो. तुमची शैलाताई जाऊन दीड महिना होत आला. मोबाइलवर जोडलेले हात आले, फुलं आली, रडकी तोंडं आली. मी चष्मा लावून एकेक निरोप वाचला. पण दारात कोणी आलं नाही...

तुमच्या घरच्यांपैकी ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सेवाग्रामच्या रस्त्याला आमचं घर. मुलगा नागपूरला, आणि आमचे हे जाऊन बरीच वर्षं झालेली. मागच्या दोन खोल्यांत शैला भाड्याने राहायला आली. जवळच वॉल्डॉर्फ पद्धतीची, म्हणजे पाठांतरापेक्षा हातांनी करून शिकवणारी शाळा आहे, तिथे नववी ते बारावीच्या मुलांना ती गणित शिकवायची आणि मातीकामही. मी विचारलं, "बाई, दोन-दोन कामं काऊन घेतली अंगावर?" तर हसली. "काकू, माझ्यासाठी ते एकच आहे हो." मला काही उमगलं नाही. मी शाळा पाहिलेली नाही, लेकाच्या पुस्तकांतून अक्षरं लावायला शिकले. गणित म्हणजे गणित आणि चिखल म्हणजे चिखल, एवढंच मला ठाऊक.

त्या शाळेत एक रीत आहे. रोज सकाळी शिक्षक वर्गाच्या दारात उभा राहतो, एकेका मुलाचा हात हातात घेतो, नाव घेऊन त्याच्याकडे बघतो, मगच आत सोडतो. शैलाला त्याची इतकी सवय, की सुट्टीच्या दिवशी करमेना. एका रविवारी मी अंगण झाडत होते, तर माझ्यासमोरच हात केला.

"अवं, मी का कलेक्टर हाय?"

"हात द्या तर खरं." धरला आणि म्हणाली, "गार आहे. रात्री जेवला नाहीत ना?"

नव्हतेच जेवले. एकटीसाठी कोण स्वयंपाक करतं... आमचे हे गेल्यापासून माझा हात असा कोणी हातात घेतलाच नव्हता. मी झाडू तसाच टाकून घरात गेले. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेला निघताना ती आधी माझ्या दारात यायची, आणि मीही पदराला हात पुसून तयारच असायची.

एकदा सिंदीहून एका मुलीचे वडील आले. कापसाचे व्यापारी, आवाज असा की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. "मॅडम, पोरीचं बारावीचं वर्ष हाय, अन् ते माती मळून राह्यली! कॉलेजवाले का माती पाहून घेणार हायेत तिले?" शैलाने त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि हातात मातीचा गोळा ठेवला. म्हणाली, "दादा, याचा घन करा. सहा बाजू सारख्या. सुरी नाही, पट्टी नाही, फक्त तळहात." गृहस्थ आधी हसले. मग बाह्या वर केल्या. एक बाजू दाबली की दुसरी फुगायची. घामाघूम झाले. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, याले तं आम्ही बट्टी म्हणतो, वरणात घाला." तेही हसले, मी तर डोळे पुसत होते. तेवढ्यात शैलाने त्यांच्या लेकीने केलेला बारा बाजूंचा गोळा आणून समोर ठेवला. एकेक बाजू पाच कोपऱ्यांची. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. मग हळूच विचारलं, "हे हातानं केलं तिनं?"

"हातानंच. वर्गात त्याचं गणितही तिनंच मांडलं."

जाताना त्यांनी आपली बट्टी रुमालात बांधून नेली!

दुखणं तिने फार दिवस कोणाला कळू दिलं नाही. दवाखान्यात निघाली त्या सकाळी ऑटो दारात उभा होता, तरी तिने रोजच्यासारखा हात पुढे केला. मी धरला, तर त्याला पकडच नव्हती. इतकी वर्षं ती माझा हात ओळखायची, त्या दिवशी मी तिचा ओळखला. तोंडाने मात्र म्हटलं, "संध्याकाळी खिचडी घेऊन येते." ती म्हणाली, "या. आणि काकू, तेवढं फडकं ओलं ठेवा."

संध्याकाळी मी डबा तसाच परत आणला.

फडकं म्हणजे तिच्या खोलीत खिडकीशी पाटावर ठेवलेल्या मातीवरचं. नव्या वर्गाला दाखवायला तिने घन करायला घेतला होता. चार कोपरे निघालेत, बाकीचा अजून गोळाच आहे. वर्ध्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको, सकाळी भिजवलेलं फडकं दुपारपर्यंत कडक होतं. मी उठल्या उठल्या पाणी शिंपडते, दुपारी शिंपडते, निजताना शिंपडते. कधी फडकं उचलून बघते. एका बाजूला तिचा अंगठा उमटलाय. त्याला मी हात लावत नाही... मुलगा फोनवर म्हणतो, "आई, सावंगीची डॉक्टरकीची पोरं खोल्या मागून राह्यली. रिकाम्या काऊन ठेवतं? तुलेही सोबत होईन." चुकीचं नाही बोलत तो. मी म्हटलं, थोडं थांब बाबा.

ते उरलेले कोपरे माझ्याच्याने निघायचे नाहीत रे. सुकू द्यायचंही जिवावर येतं. तुम्हाला तिने शिकवलंय ते, तुमच्या हातांना ठाऊक असेल. लवकर येजा. खोलीकडे मागून जाऊ नका, आधी माझ्या दारात या. मी हात पुसून उभी असते.