सुलेमानची खेळाची पेटी

सुलेमानचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर लागण्याआधी त्याच्या भट्टीतला कोळसा लाल झालेला असे. लिलावाला येणाऱ्या बायका पत्र्याचे गळके टब त्याच्या दारात टाकून पुढे जात, आणि लिलाव सुटेपर्यंत ते त्यांना तयार हवे असत. मी शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचो. कामावर जाताना त्याच्या दारात डोकावलं, की पहिला टब पाण्यात गेलेला दिसे.

टब पाण्यात घालणं हा त्याच्या कामाचा शेवट. आधी पत्रा घासायचा, फटीतला मळ खायला तेजाब लावायचं, तांब्याच्या टोकाचं हत्यार कोळशात तापवून कथील-शिशाचा डाग देऊन फट सांधायची, आणि मग तो टब दारातल्या पिंपात पुरा बुडवायचा. बुडबुडा आला तर डाग पुन्हा. त्याच्या बापाने असंच केलं होतं. पिंपात घातल्याशिवाय एकही टब त्याने गिऱ्हाइकाला दिला नाही. लोक म्हणत, सुलेमानचा डाग पत्र्याच्या आधी सुटायचा नाही. ते खरं होतं.

शहाऐंशी सालाच्या सुमारास बंदरावर प्लास्टिकचे टब आले. वजनाला हलके, गंजत नाहीत, फुटले तर टाकून द्यायचे. दिवाळीपर्यंत त्याच्या दारातली टबांची रांग निम्मी झाली. चिमा म्हणून एक मासळीवाली होती, तोंडाने तिखट. ती निळा प्लास्टिकचा टब डोक्यावर घेऊन त्याच्या दारातून जायची आणि मुद्दाम थांबायची.

"सुलेमान, ह्याला डाग देतोस काय?"

"जाळून देतो. आण."

चिमा हसत जायची. सुलेमान हसायचा नाही. दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि बोटीवर जायचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

अली त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. कुवेतला सात-आठ वर्षं काढून परत आला आणि बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान चालत होतं, पण अलीला गिऱ्हाइकाशी गप्पा मारायला आवडे, टेबलाशी वाकून बसायला नाही. त्याला हाताखाली माणूस हवा होता.

"डाग देता येतो ना तुला? मग अर्धा धंदा आला," तो सुलेमानला म्हणाला.

"आणि उरलेला अर्धा?"

"तो मला येतो. थोडा."

अली व्यवहाराला पक्का होता. दोस्त म्हणून कुणाला पगार देणारा नव्हता. त्याने कुवेतहून एक लहानसा टीव्ही आणला होता, बॅटरीवर चालणारा. सोबत टीव्हीवर खेळायचा एक खेळ. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. दोघांनी एकेक बटण फिरवून आपली पट्टी वरखाली करायची आणि ठिपका परतवायचा. ठिपका पट्टीला लागला की टक वाजे. प्रवासात खेळाची पेटी चेपली, वायरी तुटल्या, पण आतली सर्किटची पाटी शाबूत राहिली. अली म्हणाला, "ही पाटी, हा टीव्ही, बॅटऱ्या, सगळं एका पेटीत बसव. खांद्यावर टाकून नेता आली पाहिजे. माघात हातिसचा उरूस आहे. तिथे पोरांना खेळायला लावू. उरूसभर पेटी चालली, तर तू माझ्या टेबलावर. नाही चालली, तर तुझी भट्टी तुला."

सुलेमानने पेटी केली. पत्र्याची पेटी कशी करायची हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पुढे पडद्याला खिडकी, खाली मोटारसायकलच्या दोन बॅटऱ्यांचा कप्पा, बाजूला टॉर्चच्या सहा सेलांची नळी, दोन्ही अंगांना एकेक बटण, वर कडी. बॅटऱ्या टीव्हीला, सेल खेळाला. वायरींचे सगळे सांधे त्याने आपल्या हाताने डागले. एकेक डाग बोराएवढा. ओढून तुटला असता तर मी माझा पगार दिला असता.

पेटी पहिल्याच झटक्यात चालली. अलीच्या दुकानापुढे गर्दी झाली. मीही खेळलो आणि एका खाटकाकडून हरलो.

मग ती बिघडायला लागली. आधी डावीकडची पट्टी उड्या मारू लागली. सुलेमानने बटणाचे तिन्ही सांधे पुन्हा तेजाब लावून डागले. पट्टी नीट झाली. आठवड्याने आवाज गेला. तिथेही नवा डाग दिला. मग चित्रच जाऊ लागलं. पेटीला थाप मारली की परत यायचं. जानेवारीत तर थाप मारायला एक माणूस वेगळा ठेवावा लागला असता.

"पेटी आहे का गाढव?" अली म्हणाला. "मारल्याशिवाय चालत नाही."

"सेल उतरले असतील."

सेल नवे घातले. बॅटऱ्या भरून आणल्या. काही फरक नाही. जो तो म्हणे, खारा वारा लागला. बंदराजवळ लोखंड टिकत नाही, तिथे वायरींचं काय. सुलेमानलाही ते पटलं. त्याने पेटीच्या सगळ्या फटी मेणाने बुजवल्या. दोन दिवसांनी पेटी पुरी बंद पडली.

अलीच्या दुकानात मेण काढून झाकण उघडलं, तेव्हा मी तिथे होतो. वायरींच्या टोकांना हिरवट पीठ चढलं होतं. जिथे जिथे नवा डाग, तिथे जास्त. एक वायर त्याने बोटाने नुसती हलवली, तर ती डागाच्या कडेशी मोडून हातात आली. डाग जागेवर होता, तांबं गेलं होतं.

"खारा वारा," मी म्हणालो.

मागच्या फळीवर अलीने दुरुस्तीला उघडलेले रेडिओ होते, दुकानात महिनोन् महिने पडलेले. ते सुलेमानने एकेक उतरवून पाहिले. वारा तोच, दुकान तेच. एकाही सांध्याला हिरवं नव्हतं.

"गंगाराम, वारा माझ्यावरच रागावलाय काय?" तो मला म्हणाला.

घरी जाऊन त्याने जुनी कामं शोधली. पितळेचा एक कंदील खिळ्याला टांगलेला होता. त्याचा कान त्याने पावसाळ्याआधी डागला होता. आत वात आणि तेल होतं म्हणून तो पिंपात बुडवला नव्हता. कानाच्या मुळाशी तेच हिरवं पीठ. मग रझियाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, पाणी तापवायचा तांब्याचा हंडा पाहिला. तो त्याच दिवसांत डागलेला, पण पिंपात घातलेला. डाग स्वच्छ.

रझिया दारात उभी होती. "काय बघताव? हंडा चोरीला जाणार हाय?"

"तेजाब," तो म्हणाला. "राहिलं तर तांबं खातं. पिंपात ते धुवून जायचं. आम्ही म्हणायचो गळती बघतोय."

"मग इतकी वर्षं पाणी कोण भरीत होता? मी. माझा हात लागला म्हणून तुमचे डाग टिकले."

त्याने हंडा जागेवर ठेवला.

पेटी पिंपात बुडवता येत नाही, हे उघड होतं. म्हणजे तेजाब वापरायचंच नाही. अलीच्या दुकानात राळ होती. गिऱ्हाईक नसलं की अली स्वतः तेजाबाऐवजी तीच लावून डाग देई, पण ती का वापरायची हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण सुलेमानला डाग शिकवावा लागेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. उरूस तोंडावर आला होता. सुलेमानने टबांची कामं दोन दिवस बंद ठेवली आणि पेटी सगळी सोडवली. प्रत्येक वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत मागे कापली. काही इतक्या आखूड झाल्या की टाकून द्याव्या लागल्या. पाटी स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा धुतली.

राळ तेजाबासारखी मळ खात नाही. आधी घासून लख्ख केलं तरच ती धरते. टबाच्या डागाला जेवढी आच लागते तेवढी दिली, तर पाटीवरची तांब्याची पट्टी उचलली जाते. तशी एक उचलली गेलीच. तिच्या जागी त्याने बारीक तार टाकली. त्याचा हात जड होता. वीस वर्षं त्याने हत्यार दाबून धरलं होतं, आता टेकवून उचलायचं होतं. पहिले डाग त्याने स्वतःच खरवडून काढले. दुसरेही काढले. शेवटी डाग तांदळाएवढे झाले. अलीने भिंग लावून पाहिले आणि पेटीचं झाकण स्वतः बसवलं. म्हणजे काम बरं झालं असं समजायचं.

हातिसला आम्ही एसटीने गेलो. पेटी सुलेमान मांडीवर घेऊन बसला, कंडक्टरने दोनदा सांगूनही खाली ठेवली नाही. चहाच्या एका दुकानाशेजारी जागा मिळाली. पोरांची झुंबड उडाली. पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज बंद झाला. ठिपका पट्टीला लागे, टक होत नसे. पोरं ओरडू लागली. अलीने पेटीच्या मागून जिभेने टक टक करून वेळ मारून नेली, पण तो दर खेपेला उशिरा करी आणि पोरं त्यालाच हसत.

कुणीतरी थाप मारायला हात उचलला. सुलेमानने तो धरला. त्याने झाकण उघडलं आणि आवाजाच्या दोन्ही वायरी लाकडाच्या काडीने एकेक हलवल्या. एक डाग वरून गुळगुळीत होता, पण काडी लागली की आत किंचित हलत होता. डाग थंड होताना हात हलला होता. कथील वायरीवर बसलं होतं, धरलं नव्हतं. एकच डाग त्याने घाईत दिला होता, तो हाच. त्याने शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत हत्यार खुपसलं. चहावाला कुरकुरला. सुलेमानने जुनं कथील खरवडून काढलं, तांबं घासलं, राळ लावली, हत्यार टेकवलं आणि थंड होईपर्यंत श्वास धरून बसला. टक वाजली.

परतताना एसटीत अली म्हणाला, "बंद पडली होती ना?"

"पडली." सुलेमान खिडकीबाहेर बघत होता. बोलणं ठरलं होतं, उरूसभर चालली तर. त्याने भट्टीच मनात धरली असावी.

"कुठला सांधा ते कसं कळलं?"

"टीव्ही चालू, खेळ चालू. नुसता आवाज नाही. मग दोनच वायरी उरतात."

अली म्हणाला, "माझ्या दुकानात येणारी प्रत्येक वस्तू बंदच असते, मेल्या. चालू कोण आणून देईल? सोमवारी ये. तेजाबाची बाटली घरी ठेव."

सोमवारपासून त्याचा दिवस नऊला सुरू झाला. साडेचारला जाग मात्र येतच राहिली. रझियाला तो तेवढ्या पहाटे पाणी भरून देऊ लागला. टेबलावर तो उरलेली सारी वर्षं बसला. पगार अली वेळेवर देई. ते पैसे घराच्या कौलांना लागले, मग मुलीच्या, अजराच्या, लग्नाला. स्वतःसाठी त्याने काही घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. तेजाबाच्या वाफेत बसून डागकाम करणाऱ्यांचे दात टिकत नाहीत. त्याचे पन्नाशीच्या आत गेले होते आणि तो भाकरी कालवणात भिजवून खायचा. अजराचं लग्न झाल्यावर, पुढच्या सगळ्या पगारातून थोडं थोडं बाजूला ठेवून, त्याने रत्नागिरीतल्या दातांच्या डॉक्टरकडून वरची-खालची कवळी करून घेतली.