बिनसाखरेचा चहा

"दोघांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. एचआयव्ही," डॉक्टर म्हणाले. यांचा ताप उतरेना म्हणून तपासण्या झाल्या होत्या. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, कुठलाही कागद मीच वाचते. तो रिपोर्ट मात्र न वाचता यांच्या हातात दिला.

सईची, आमच्या मुलीची, तपासणी निगेटिव्ह आली. तेव्हा ती दुसरीत होती. कुणाकडून कुणाला, हे आम्ही दोघं कधी बोललोच नाही. आजही नाही.

एआरटी सुरू झालं, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, रोज, जन्मभर. सईने विचारलं, कसल्या गं? मी म्हटलं, आम्हाला डायबेटिस आहे. गोरेगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो घरोघरी आहे, पुढे कुणी विचारत नाही.

पोरीने ते मनावर घेतलं. माझा चहा बिनसाखरेचा. गणपतीत माझ्या ताटातला मोदक उचलून स्वतः खायची. हे मात्र स्टेशनबाहेर जिलेबी खाऊन यायचे.

अकरावीत ती शिकवण्या घ्यायला लागली. पहिल्या पैशांतून माझ्यासाठी शुगर तपासायचं मशीन आणलं. सुई लावून समोर बसली. "आई, बोट दे."

मी हात मागे घेतला.

"घाबरतेस काय? बीए ना तू?"

शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे मला पाठ होतं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतकं कमी होतं. पण सुई तिच्या हातात होती आणि रक्त माझं येणार होतं. यांनी टीव्ही बंद केला. मी सांगून टाकलं.

सई मशीनकडे बघत राहिली. "म्हणजे तुला डायबेटिस नाहीच?"

"नाही."

"मग इतकी वर्षं तुझे मोदक मी काय म्हणून खाल्ले?" आणि ती रडायलाच लागली.

हे म्हणाले, "जिलेबी आणू?"

"बाबा, तू तर बोलूच नकोस!"

मुलांना हे सांगायची वेळ तुमच्यावर आली, तर तुम्हाला काय सांगू? आजाराबद्दल मूल काय विचारेल, त्याची तयारी गोळ्या मिळतात तिथले काउन्सेलर करून घेतात. माझी झाली होती. तिने खोट्याबद्दल विचारलं.

सकाळी तिने चहा केला. कप माझ्यापुढे ठेवून समोर उभी राहिली. पहिल्याच घोटाला जिभेला नकोसा गोड लागला.

"सगळा पी," ती म्हणाली.

राग होता की माया, मला अजून कळलेलं नाही. सगळा प्यायले.