शिवेच्या दगडापाशी विसावा

भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आजही जातो. त्यामुळे हे वाचून मला हसलात तरी चालेल.

आमचं घर भांडुपला, डोंगराच्या बाजूला. गावाचा इतिहास म्हणाल तर तीन दगड. डोंगराखाली वाघोबा – जंगल तिथपर्यंत होतं, गुरं त्याच्या पुढे न्यायची नाहीत. तळ्याजवळ वीरगळ – गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या कोणाचा तरी. आणि गावाच्या शिवेवर गधेगळ. वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाचं ओंगळ चित्र. जो ही जमीन बळकावेल त्याला दगडात कोरलेली शिवी. वाघोबा कारखान्याच्या भिंतीत गेला, वीरगळ चहाच्या टपरीची पायरी झाला. गधेगळ उरला, कारण तो आमच्या शेतात होता.

गिरण्यांच्या संपानंतर जमिनींचे भाव चढले आणि काकाने बाबांना न विचारता ते शेत बिल्डरला विकलं. बाबांबरोबर कोर्टाच्या फेऱ्या मी मारल्या. हरलो. दगड सोसायटीच्या कंपाउंड वॉलखाली गाडला गेला. शिवी बिल्डरला लागली का? छे! त्याची पुढची बिल्डिंग मुलुंडला झकास उभी राहिली. झुरले ते बाबा.

आमच्यात तिरडी वाटेत एकदा खाली ठेवतात, खांदे बदलतात – विसावा. गावातल्या प्रत्येकाचा विसावा त्या दगडापाशीच व्हायचा. "मला पण तिथेच ठेवा," एवढंच बाबांनी मागितलं होतं. ते गेले त्या सकाळी मी सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन विचारलं.

"गेटपाशी बॉडी? मुलं खेळतात हो इथे!"

मग विसावा नाक्यावर द्यायचा ठरला. संताप गिळला, दुसरं काय करणार?

दुपारी निघालो. मडकं घेऊन मी पुढे. खांद्याला सतीश धरून माझे कंपनीतले तिघं मित्र – चेंबूर, मानखुर्दचे, आमच्या गावात पहिल्यांदाच आलेले – आणि मागे उजवीकडे काका. सोसायटीच्या भिंतीशी पोचलो आणि तिरडी थांबली. खाली टेकली. बरोब्बर जिथे दगड गाडलाय तिथे.

"अरे, नाक्यावर ना?" मी ओरडलो.

"तूच म्हणालास ना यार, ठेवा आता?" सतीश गोंधळला. "पुढून आवाज आला."

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही!"

मागून चालणारी माणसंही तेच सांगायला लागली. सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, काकाचीच नाटकं. पण आवाज पुढून आला होता आणि काका तर मागे होता. तो मटकन रस्त्यावर बसला.

"दादाचा आवाज होता रे," एवढंच बोलला आणि रडायला लागला.

योगायोग, मनाचे खेळ, दुःखात भास होतात... सगळं ऐकून घेतलंय मी. असेल तसंही. पण मग मलाच का नाही? ज्याने शेत विकलं त्याला बाबांचा आवाज ऐकू आला. त्यांच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा मी सगळ्यांच्या पुढे चालत होतो, आणि मला एक शब्द ऐकू आला नाही.