चाखलेलं पाणी

आमच्या घरात मेंढरांना पाणी पाजायची एक रीत आहे. पाणी नवं असलं, मग ते ओढ्याचं असो की कुणाच्या बोअरचं, आधी बा चाखणार. ओंजळीत घेणार, जिभेवर फिरवणार, थुंकणार आणि मगच कळप सोडणार. "आधी माणसानं चाखायचं, मंग मेंढरानं," हे त्याचं बोलणं ऐकतच मी मोठा झालो. साखऱ्याच्या शिवारात एकदा कुणीतरी ओढ्यात फवारणीचा पंप धुतला होता. पाणी नितळ दिसत होतं. बानं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि भर उन्हात तहानलेला कळप माघारी वळवला. मागून आलेल्या एकाच्या शेळ्या त्याच पाण्यावर मेल्या. तेव्हापासून गावात बाच्या जिभेला मान. बालाही तो आवडायचा. चारचौघांत विषय निघाला की तो उगाच बिडी पेटवून दुसरीकडे बघायचा.

मी काही मेंढरांमागं गेलो नाही. हिंगोलीत शिकलो आणि लांबच्या एका औद्योगिक वसाहतीत, केमिकलच्या कंपनीत लागलो. आमच्या प्लांटमध्ये मिथेनॉलपासून ग्लायकॉल बनवतात. सुट्टीत घरी आलो की मी हे तोऱ्यात सांगायचो. आधी मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करायचं, मग जबर दाबाखाली त्याला कार्बन मोनॉक्साइड द्यायचा, तयार होईल त्या आम्लात पुन्हा मिथेनॉल घालायचं आणि शेवटी हायड्रोजन देऊन ग्लायकॉल काढायचं. त्यात मिथेनॉल परत सुटं होतं, ते पुन्हा कामाला लावायचं. "एवढा कुटाणा करून निघतं काय मंग?" मायनं एकदा विचारलं. मी म्हणालो, पाण्यासारखंच दिसतं, जरा दाटसर असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात, पॉलिस्टरच्या कापडाला लागतं. तिला ते काही पटलं नाही. कापड कापसाचं असतं, असं म्हणून ती उठून गेली.

एक गोष्ट मात्र मी घरात कधी सांगितली नव्हती. ग्लायकॉल गोड असतं. नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायचं काम माझ्याकडेच आहे, आणि माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: हे कडू असतं तर मला एवढं बोलावं लागलं नसतं. गोड लागतं म्हणून जनावर पीतच राहतं, आधी झिंगतं आणि मग त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. पोरं हसतात, मी रागावतो. लोकांना शहाणपण शिकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

या उन्हाळ्यात बानं फोनवर कोकरांसाठी एखादं निळं बॅरल मागितलं. कंपनीतून रिकामं बॅरल बाहेर न्यायला बंदी आहे, ते मी गेटवरच्या ओळखीनं काढलं. हळद उतरवून हिंगोलीला रिकामा परतणारा ट्रक बाहेर उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बॅरलच्या तळाला तांब्याभर माल शिल्लक होता. मला तो दिसला होता. घरी जाऊन धुऊ, असं म्हणालो आणि चढलो.

सकाळी घरी पोचलो. नळाला पाणी संध्याकाळी येणार होतं, आणि उन्हाळ्यात बॅरल धुण्यात घागरी ओतायला माझा जीव होईना. संध्याकाळी धुतो एवढंच मोघम बोलून मी आडवा झालो. डोळा लागताना मनात शंका आली, बानं त्याआधीच पाणी भरलं तर? आणि त्या शंकेला मीच उत्तर दिलं: भरलं तरी बा चाखल्याशिवाय थोडाच पाजणार आहे. हे मी स्वतःला सांगितलं. ग्लायकॉल गोड असतं हे जगाला शिकवणाऱ्या माणसानं सांगितलं. आणि मग मला छान झोप लागली.

उठलो तेव्हा बानं बॅरल आरीनं आडवं कापून त्याची कुंडी केली होती. तळाचा माल त्याला पाणीच वाटला. वर दोन घागरी ओतल्या होत्या आणि कोकरं माना घालून पीत होती. "चाखलं का?" मी ओरडलो.

"व्हय तर. लई ग्वाड हाय," बा म्हणाला. "आपल्या बोअरहून बरं."

मी कुंडी लाथेनं उलथली. बॅरल धुतलेलं नव्हतं एवढंच म्हणालो. दुपारी कोकरं तिरपी चालू लागली. घरामागे जाऊन मी जनावरांच्या डॉक्टरला फोन केला आणि त्याला सगळं खरं सांगितलं. दारू हाच त्यावरचा उतारा, हे मलाही ठाऊक होतं, पण घरात दारू मागायची तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून फोन करेपर्यंत मी वेळ घालवला. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे देशी आणून पाण्यात मिसळून पाजली. दोन कोकरं तगली. बाकीची दुसऱ्या दिवशीपासून मुतेनाशी झाली आणि एकेक करून गेली. माय प्रत्येकाला खड्ड्यात ठेवताना त्याचे कान सरळ करत होती. ते मला बघवेना.

बा कुंडीजवळ बसून होता. "मला कडू काहून लागलं न्हाई?" त्यानं विचारलं. मी तिथंच उभा होतो. सांगायला एक वाक्य पुरे होतं. मी म्हणालो, उन्हात बसू नको.

कामावर परत आलो. फोनवर वहिनी सांगायची, बा कुठल्याच पाण्यावर थांबत नाही, जीभ म्हातारी झाली म्हणतो. पुढे तिनं सांगितलं की तो आता तिला शिकवून राहिलाय. भाऊ ट्रॅक्टरवर असतो, कळपामागं बा आणि वहिनीच जातात. मला वाटलं, आता तरी बोलावं. माझ्या चुकीपायी तो स्वतःच्या जिभेला दोष देत जगतोय, हे मला सहन होईना. आणि खरं सांगायचं तर, बोललो की मलाही हलकं वाटेल असा हिशेब त्यात होताच.

दिवाळीत गेलो तेव्हा दोघांसोबत रानात गेलो. एका नव्या शेततळ्यावर कळप थांबला. वहिनीनं ओंजळ भरली आणि बाच्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणालो, "बा, तुझ्या जिभेचा दोष न्हाई. त्या बॅरलात जे व्हतं ते ग्वाडच असतं."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

तो रागावेल असं मला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं वहिनीच्या भरल्या ओंजळीकडे बोट केलं.

"जीभ म्हातारी झाली म्हणून हिला शिकवून राहिलो व्हतो," तो म्हणाला. "कडू लागलं की वळायचं, ग्वाड लागलं की सोडायचं. आता हिला काय शिकवू?"

वहिनीच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं. मेंढरं तळ्याकडे तोंड करून उभी होती, आणि आमच्या तिघांपैकी कुणीच त्यांना सोडीना.