वाटीतला चिंचोका

पंचशीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून संपवली... महिना होत आला. रडू अजून आलेलं नाही, नुसता थकवा आहे.

नव्वदीच्या दशकात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकत्र होतो. ताई वाटूरहून एसटीनं यायची. उंदरांना सरकीचं खाद्य घालायचं आणि त्यांच्या रक्तातलं एक प्रथिन किटनं मोजायचं, हे आमचं काम. प्लेटच्या बारक्या खळग्यांत पिवळा रंग चढायचा. जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. पण रक्ताचा नमुना एकदा वितळून पुन्हा गोठला की आकड्यांचा भरवसा संपला, आणि वरून बघून काही कळत नाही. म्हणून ताईनं फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर चिंचोका ठेवला होता. "बरफ इतळला की ह्यो बुडतो. मंग कितीबी गोठू दे, वर येत न्हाई." प्रयोगशाळेचे साहेब या शोधाला हसायचे.

एका उन्हाळ्यात ताई एसटी गाठायला निघून गेल्यावर मी प्यायच्या पाण्यासाठी बर्फ काढला आणि दार नीट लावलं नाही. सकाळी लवकर आले तर दार उघडं, खाली पाणी. दार लोटलं, फरशी पुसली. दुपारपर्यंत सगळं पुन्हा दगड झालं. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ताईनं किट लावायच्या आधी वाटी हातात घेतली. चिंचोका तळाला होता.

"कुणाला कळतंय? लावा," साहेब म्हणाले.

"मला कळून राह्यलं ना, सर. हे आकडे मी लिहिणार न्हाई." मग हळूच म्हणाली, "काल दार माझ्याच हातून राह्यलं असंल."

तीन महिन्यांचं काम गेलं. प्रयोगशाळा तिच्या हाती द्यायचं ठरत होतं, तेही गेलं. तिला पिंजरे धुण्यावर टाकलं. मी मात्र कायम झाले. ताईनं मला पाठीशी घातलं असं मी धरून चालले. तिचं मन मोठं, असं म्हणत मी इतकी वर्षं निवांत काढली.

परवा वाटूरला तिच्या घरच्यांना भेटायला गेले. ताईनं घरीही तशीच वाटी ठेवली होती, ती तिच्या मुलीनं फ्रीजमधून काढून दाखवली. चिंचोका तळालाच होता. तिकडे वीज कुठे टिकते?

"मावशी, आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या हलगर्जीनं सगळ्यांची मेहनत वाया गेली. कुठं निघालो तरी स्टँडवरून परत यायची, फ्रीज बराबर लागला का बघायला."

म्हणजे तिला माहीतच नव्हतं. तिला ते खरंच वाटत होतं.

मी मुलीला सगळं सांगितलं. ओट्यावर वाटीतला बर्फ सुटेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो... मग तिनं चिंचोका काढला, ओढणीला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"आता तुम्ही ठेवा."

तो आता माझ्या फ्रीजरमध्ये आहे. दार लावून झाल्यावर मी एकदा परत येऊन बघते.