वैशाली हळू नव्हती

शेवटची भेटले तेव्हा वैशालीच्या हाताला सलाईन होतं आणि उशाशी फोन वाजत होता. बीडमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक विचारत होते, सोमवारी येणार ना? डेंगीनं तिला उठून बसायचंही बळ ठेवलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "येते सर." सोमवारी आम्ही लिंबागणेशला, तिच्या गावी, तिला निरोप देऊन आलो... शोकसभेत हेच गृहस्थ म्हणाले, "मुलगी गुणी होती, फक्त जरा हळू होती." मी उठून बाहेर आले. महिना उलटला, पण ते वाक्य अजून मनात सलतंय.

ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांसाठी एका संस्थेनं आमच्याकडून एक ॲप बनवून घेतलं होतं. पुढची तपासणी कधी, कुठल्या शिबिरात, ते बाईला फोनवर दिसायचं. आणि फोन तरी किती तऱ्हेचे. कुणाचा भावानं वापरून टाकलेला, कुणाचा बाजारातून जुनाच घेतलेला. कोडमधला बदल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चटकन तपासून व्हायचा, पण तोच सगळ्या तऱ्हेच्या फोनांवर चालवून पाहायचा तर अर्धा दिवस जायचा. ही लांबलचक तपासणी महिन्यातून एकदाच करायची, असं मालकांनी ठरवून टाकलं. बदल तपासायचं काम वैशालीकडं होतं, आणि तिचं म्हणणं काही अवघड नव्हतं. "बटणाचा रंग बदलला तर नका चालवू सर. पण तारखेला हात लागला, की आधी सगळ्या फोनांवर चालवायचं, मगच बदल ॲपच्या आत घ्यायचा." ते म्हणाले, "ग्राहक थांबत नसतो."

मग एकदा तारखांचाच कोड बदलला. वैशालीनं अडवून धरला, मालकांनी तिला डावलून आत घेतला. जुन्या फोनांवर दिवस आणि महिना उलटे दिसू लागले. नेकनूरकडची एक बाई फडावरून नवऱ्याच्या गाडीवर बसून शिबिराला आली, तेव्हा ते कधीच होऊन गेलं होतं. तिचा वाढलेला रक्तदाब वेळेत कुणाला कळलाच नाही. बाई वाचली, बाळ गेलं.

आम्ही दोघी तिला भेटायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "तारीख फोनातच व्हती बाई. फोन खोटं कावून बोलंल?" परतताना वैशालीनं स्कूटी रस्त्याकडेला थांबवली. "मला एवढंच सांग, अर्धा दिवस लई व्हता का?" मालकांनी मात्र ग्राहकाला नेटवर्कचा दोष सांगितला, आणि नियम तोच ठेवला. तेव्हापासून ती सुटीच्या दिवशी घरी, पदरच्या पैशानं घेतलेल्या जुन्या फोनांवर, तारखांचा प्रत्येक बदल चालवून बघायची. हिला हळू म्हणायचं?

मागच्या आठवड्यात तारखांना हात लावणारा नवा बदल तपासायला माझ्याकडं आला. सगळ्या फोनांवर चालवल्याशिवाय आत घेणार नाही, हवं तर मला काढा, असं मी मालकांच्या तोंडावर सांगितलं आणि वैशालीचे ते जुने फोन आणायला मी लिंबागणेशला गेले. तिच्या खोलीतल्या फळीवर सगळे फोन ओळीनं मांडलेले, एकूण एक चार्ज केलेले. "बंद पडू दिऊ नको, म्हनली व्हती," तिची आई म्हणाली. "कशाला लागत्यात ते मला न्हाई ठावं. रोज लावते." मी फोन पिशवीत भरू लागले, तेव्हा तिनं त्यातला एक हळूच काढून घेतला.

"एवढा ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि पुन्हा चार्जिंगला लावला.